खिडकीतला डबा

घरचा टेलिफोन बंद पडला तो सिमेंटच्या रस्त्यामुळे. नागपूरच्या नंदनवनातल्या आमच्या गल्लीत खोदकाम सुरू झालं आणि तिसऱ्या दिवशी जेसीबीने जमिनीखालची तांब्याची केबल तोडली. तक्रार नोंदवली. एक माणूस येऊन खड्ड्यात डोकावला, "रस्ता होऊ द्या, मग पाहू," म्हणाला आणि गेला. रस्ता झाला. केबल त्याच्याखाली राहिली. पुढच्या तक्रारींना उत्तर आलं नाही.

घरात मोबाइल होता, तेव्हा एरवी हे चालून गेलं असतं. अडचण आईची होती. तिच्या उजव्या बुबुळावरचा पारदर्शक पडदा एका जुन्या संसर्गाने पांढरा झाला होता. डाव्या डोळ्याची नजर आधीपासूनच कमी. त्याने तिला दार कुठे आहे ते कळे, दारात कोण आहे ते कळत नसे. मोबाइलच्या गुळगुळीत काचेवर तिचं बोट कुठेही पडे आणि काहीही सुरू होई. एकदा तिच्याच कानाचा फोटो वर्ध्याच्या मावशीला गेला. मावशीने घाबरून विचारलं, कानाला काय झालं. जुन्या टेलिफोनचं तसं नव्हतं. त्याच्या पाचाच्या बटणावर एक बारीक उंचवटा होता. तिथे बोट टेकलं की बाकीचे आकडे तिला सापडत.

रामदासपेठेतल्या एका डोळ्यांच्या दवाखान्यात तिचं नाव प्रतीक्षायादीत होतं. कोणीतरी नेत्रदान करणार, त्यातला एक पडदा तिच्या उजव्या डोळ्याला बसवणार. तो केव्हा मिळेल हे कोणी सांगू शकत नव्हतं. नियम असा होता: डोळा आला की दवाखान्यातून फोन येईल, लगेच होकार द्यायचा आणि उपाशीपोटी पोचायचं. फोन उचलला गेला नाही तर यादीतल्या पुढच्या माणसाला फोन. डोळा फार काळ थांबत नाही. फॉर्मवर दोन नंबरांची जागा होती. पहिल्या जागी घरचा नंबर लिहिला, दुसऱ्या जागी माझा मोबाइल.

"घरचा फोन चालू पाहिजे," आई म्हणाली. "तू इकडे जातो, तिकडे जातो. मी घरीच राहते."

म्हणून तो डबा आला.

मोबाइल कंपनीचा विक्री प्रतिनिधी थंडीच्या दिवसांत घरी आला. डबा पांढरा होता, उभ्या विटेएवढा. त्याच्या पोटात सिमकार्ड. तो मोबाइलच्या टॉवरवरून इंटरनेट पकडतो आणि घरभर वायफाय देतो. मागच्या बाजूला एक खाच होती. तिच्यात जुन्या टेलिफोनची वायर खोचली की त्याच टेलिफोनवरून बोलता येतं. नंबर मात्र नवा मिळणार होता. प्रतिनिधीला विचारलं, टॉवर किती दूर आहे. "हो जाएगा सर." लाइट गेली तर फोन चालेल का. "हो जाएगा सर." बिघाड झाला तर माणूस किती वेळात येतो. तेच उत्तर. माझी सगळी नोकरी वर्तमानपत्राच्या डेस्कवर झाली, तिथे एक गोष्ट कळली होती: प्रत्येक प्रश्नाला एकच उत्तर देणारा माणूस प्रश्न ऐकत नसतो. तरीही सही केली, कारण दुसरा मार्ग नव्हता. केबल रस्त्याखाली होती.

डबा बसवायला आलेला तंत्रज्ञ चाळिशीचा, कमी बोलणारा. हातातल्या मोबाइलकडे पाहत तो सगळ्या खोल्यांमधून फिरला आणि समोरच्या खोलीत, पूर्वेच्या खिडकीशी थांबला. "टॉवर तिकडे, मंगल कार्यालयाच्या मागं आहे. डबा या खिडकीत ठेवा. हलवू नका." खिडकीच्या कट्ट्यावर डबा ठेवला. त्याच्या कपाळावरचा दिवा लाल होता तो हिरवा झाला. आईने टेलिफोन उचलला, पाचावर बोट ठेवलं आणि वर्ध्याला फोन लावला. अर्धा तास बोलली. तंत्रज्ञ तोवर गल्लीच्या टोकालाही पोचला नसेल, असं तिला वाटत होतं. तो चहा पिऊन केव्हाच गेला होता.

दुसऱ्या दिवशी दवाखान्यात जाऊन नवा नंबर दिला. यादीचं काम पाहणाऱ्या बाईंनी तो रजिस्टरमध्ये लिहिला. वाचून दाखवायला सांगितलं. त्यांनी वाचला. पुन्हा वाचायला सांगितला तेव्हा त्यांनी चष्म्यावरून पाहिलं, पण वाचला.

नव्या नंबरावर पहिल्याच आठवड्यात अनोळखी फोन सुरू झाले. नंबर आम्ही तीनच ठिकाणी दिला होता: दवाखाना, मावशी आणि वरचा भाडेकरू. तरी एक बाई कर्ज देत होती, एक माणूस वर्धा रोडवरचे प्लॉट विकत होता आणि एकजण बँकेतून बोलतो म्हणून आईला कार्डावरचे आकडे वाचायला सांगत होता. आईला आकडे दिसत नव्हते म्हणून पैसे वाचले. नंबर बाहेर कोणी दिला, हा प्रश्न तेव्हापासून घरात बसला तो बसलाच.

आईला नियम घालून दिले. आपलं नाव सांगायचं नाही. कशालाही 'हो' म्हणायचं नाही. समोरचा घाई करत असेल तर जास्त सावकाश बोलायचं. आणि त्यालाच असं काही विचारायचं, जे खऱ्या माणसालाच माहीत असेल. हे शेवटचं डेस्कवरचं होतं. फोनवरून येणाऱ्या निधनवार्तांमध्ये काही खोट्या असत. कोणी वैरी जिवंत माणसाची वार्ता देई. वार्ता घेणारा म्हणून सहज विचारायचं, अंत्ययात्रा कोठून निघणार, कोणत्या घाटावर जाणार. खरा माणूस रडत का होईना, उत्तर देई. खोटा अडखळे. कधी मुद्दाम चूक करून विचारायचं: मोठा मुलगा पुण्याहून येतोय ना? घरचा माणूस लगेच म्हणे, पुण्याला कोणी नाही.

"मंग मी बी असंच विचारू?" आई म्हणाली.

"असंच विचार."

"अन् खरा राहिला तं त्याले राग नाही येनार?"

"खऱ्याला राग आला तरी तो सांगतो."

भाडेकरूबद्दल सांगायला हवं. वरच्या मजल्यावर तो एकटा राहत होता, वय पस्तीस-छत्तीस, औषध कंपनीचा प्रतिनिधी. सकाळी बॅग घेऊन डॉक्टरांकडे जायचा, दुपारी घरी यायचा, संध्याकाळी पुन्हा जायचा. डबा आल्याच्या चौथ्या दिवशी तो जिन्यात भेटला. "काका, तुमचं वायफाय माह्या खोलीत फुल येऊन राहिलं. पासवर्ड द्या ना. माहं नेट संपलं की एखाद्या डाव लावीन." एखाद्या वेळेसाठी म्हणून पासवर्ड दिला. देताना तो पाठ कसा होतो याकडे लक्ष होतं. एकदा ऐकून त्याला पाठ झाला.

होळी झाली आणि कूलर निघाला. नागपुरात हे कोणी ठरवत नाही. माळ्यावरून पत्र्याचा कूलर खाली येतो, गंज खरवडतात, रंग लावतात, खसाच्या, म्हणजे वाळ्याच्या, नव्या ताट्या बसवतात आणि खिडकीबाहेरच्या लोखंडी स्टँडवर तो चढतो. पावसाळ्यापर्यंत ती खिडकी कूलरची. आमचा स्टँड पूर्वेच्या खिडकीला पंचवीस-एक वर्षांपासून आहे. कूलरचं तोंड आत यायचं म्हणून डबा कट्ट्यावरून काढला आणि शेजारी, खिडकीला लागून असलेल्या तिपाईवर ठेवला. हातभर अंतर. डबा खिडकीतच आहे, असं तेव्हा म्हटल्याचं आठवतं. आईनेही विचारलं होतं, "हलवला तं नाही ना?" "नाही," असं उत्तर दिलं होतं.

एप्रिलपासून फोन तुटू लागला. मावशी बोलता बोलता अर्ध्यात गायब होई. कधी आई फोन उचले आणि त्यात काहीच नसे, साधा आवाजही नाही. माझंही काम नेटवर चालत असे. निवृत्तीनंतर इतरांच्या पुस्तकांचा मजकूर तपासून पाठवणं. पाठवलेला मजकूर गोल फिरत राही. मोबाइलवर पाहिलं तर वायफायच्या सगळ्या रेघा भरलेल्या. म्हणजे डबा ठीक होता, असा निष्कर्ष काढला. डबा ठीक असेल आणि नेट येत नसेल, तर ते कोणीतरी खात होतं.

कंपनीला फोन केला. तिकडून डबा बंद करून चालू करायला सांगितलं. दुसऱ्यांदा केला, तेच सांगितलं. तिसऱ्यांदा एका बाईंनी तक्रार सुटल्याचा संदेश पाठवला आणि मग त्याच कंपनीकडून जास्त वेगाचा प्लॅन घ्या म्हणून दिवसाला दोन-तीन फोन येऊ लागले. बिघाड करायचा आणि मग महागडा इलाज विकायचा, हा धंदा जुना आहे. संशयाला आता दोन पत्ते होते, एक कंपनीचा आणि एक वरच्या मजल्याचा.

तक्रार पक्की करण्यासाठी वही केली. तारीख, वेळ, काय घडलं, फोन कोणाचा. पंधरा दिवसांत आकृती दिसू लागली. सकाळी फोन बरा चाले. बाराच्या सुमारास तुटायला सुरुवात होई. पाच-साडेपाचपर्यंत तसंच. सातनंतर पुन्हा बरा. वरचा भाडेकरू बाराला येत होता आणि साडेपाचला जात होता. त्याच्या गाडीच्या येण्याजाण्याच्या वेळाही वहीत लिहिल्या. जुळत होत्या.

एका दुपारी त्याला जिन्यात थांबवलं.

"तुमच्याकडे अजून आमचा पासवर्ड आहे का?"

"आहे ना. तुम्हीच दिला होता."

"वापरता?"

"दोन-तीन डाव वापरला. काहून?"

"दुपारी आमचा फोन लागत नाही. तुम्ही दुपारी घरी असता."

त्याने बॅग पायरीवर ठेवली. "म्हणजे मी झोपेत तुमचं नेट खाऊन राहिलो."

"आरोप केलेला नाही. वेळा जुळतात, एवढंच म्हटलं."

"काका, बारा ते पाच पूरं नागपूर घरी राहते. पूऱ्या नागपुरावर डाऊट घेता का तुम्ही?"

पासवर्ड त्याच दिवशी बदलला. दुसऱ्या दिवशी बारा वाजता फोन तुटला. इथे थांबून विचार करायला हवा होता. वहीत मात्र असं लिहिलेलं सापडतं: 'पासवर्ड बदलूनही तेच. दुसरा मार्ग मिळवला असावा.'

आईला हा प्रकार आवडला नव्हता. "तो चोर असता तं गॅसचं सिलिंडर घरात कोन आनून देते आपलं?" ती म्हणाली. आणि मग, "तुमच्या पेपरात बी असंच होतं का? पहिले नाव ठरवाचं, मंग बातमी करायची?"

मेच्या तिसऱ्या आठवड्यात तिला तपासणीसाठी रामदासपेठेत नेलं. रजिस्टरच्या बाईंनी तिला पाहताच विचारलं, "आजी, त्या दिवशी काय झालं? आला नाहीत."

"कोनत्या दिवशी?"

बाईंनी रजिस्टर उघडलं. नऊ दिवसांपूर्वीची नोंद होती. डोळा आला होता. एक वाजून दहा मिनिटांनी घरच्या नंबरावर फोन, लागत नाही. एक बाराला पुन्हा, लागत नाही. एक चौदाला मोबाइलवर, कट केला. एक पंधराला पुन्हा, कट केला. त्यापुढे यादीतल्या पुढच्या रुग्णाला फोन केल्याचं लिहिलं होतं. नोंद स्वच्छ होती. अशी नोंद ठेवणाऱ्या माणसाशी वाद घालता येत नाही.

"मोबाइल कोणी कट केला ते आम्हाला कळत नाही," बाई म्हणाल्या. "पण वाजला होता."

आईने तोंड माझ्याकडे वळवलं. तिला माझा चेहरा दिसत नव्हता.

घरी येऊन वही उघडली. नऊ दिवसांपूर्वीच्या पानावर, माझ्याच अक्षरात: '१.१४, अनोळखी नंबर, मोबाइलवर. कंपनीचा विक्रीचा फोन. कापला. १.१५, तोच. कापला.' तेव्हा मोबाइलच्या पडद्यावर त्या नंबराखाली नको असलेला फोन असल्याची लाल सूचना आली होती, हेही आठवलं. दवाखाना रोज अनेकांना फोन करतो. यंत्राने त्याला विक्रेता ठरवलं होतं. यंत्राचं ऐकलं. फोन कुठून आला होता हे विचारायला एक सेकंद लागला असता. त्या वेळी कंपनीला पाठवायचं तक्रारीचं पत्र लिहिणं चालू होतं. आई बाजूच्या खोलीत, टेलिफोनपासून चार हातांवर बसली होती.

त्याआधी, परतीच्या ऑटोत, ती बोलली होती ते एवढंच.

"तुनं कापला?"

"कंपनीचा वाटला."

ऑटो एका सिग्नलला थांबला, पुढे निघाला.

"तो डोळा कोनाले गेला मंग?"

"यादीतल्या पुढच्या माणसाला."

"गेला ना कामी. मातीत तं नाही गेला." आणि नंदनवन जवळ आल्यावर, "म्हणजे वरच्यानं नव्हता कापला."

नवतप्याच्या, म्हणजे मेअखेरच्या नऊ कडक दिवसांतल्या, तिसऱ्या दिवशी कूलरचा पंप जळाला. त्या उन्हात कूलरशिवाय दुपार काढणं आईला शक्य नव्हतं. महाल भागातल्या बाजारातून नवा पंप आणला, पण तो बसवायला कूलर स्टँडवरून ओढून बाहेर घ्यायचा होता आणि ते एकट्याचं काम नाही. भाडेकरूला हाक मारायची हिंमत झाली नाही. आईने मारली. दारात उभी राहून तिने वर आवाज दिला आणि तो लुंगीवर खाली आला. माझ्याकडे न पाहता त्याने टाकीतलं पाणी काढलं, ताट्या उतरवल्या आणि कूलरला हात घातला. दोघांनी मिळून तो अंगणात ठेवला. वेळ दुपारी सव्वाची.

आत टेलिफोन वाजला.

दुपारी सव्वाला तो दोन महिन्यांत वाजला नव्हता. आईने उचलला. मावशी होती. बोलणं सुरू झालं आणि तुटलं नाही. पाच मिनिटं, दहा मिनिटं. आई एकदम मावशीला म्हणाली, "थांब वं जराशी," आणि खिडकीकडे तोंड करून म्हणाली, "काहून गा, तुमी काय केलं? आवाज साफ येऊन राहिला."

भाडेकरू पेचकस हातात घेऊन खिडकीबाहेर उभा होता. त्याने रिकाम्या खिडकीतून आत, तिपाईवरच्या डब्याकडे पाहिलं. डब्याचा दिवा हिरवा होता. मग त्याने मंगल कार्यालयाकडे पाहिलं, मग अंगणातल्या कूलरकडे.

"काका," तो म्हणाला, "हे कूलर कधी लावलं होतं?"

पुढचं सगळं त्याने करून दाखवलं. पंप बसवून कूलर जागेवर चढवला: दिवा नारिंगी. पाणी सुरू केलं, ताट्या भिजल्या: दिवा लाल, टेलिफोन मुका. कूलर ओढला: हिरवा. तीन वेळा केलं, तिन्ही वेळा तेच. पत्रा जास्त आडवा येत होता की भिजलेला खस, हे नक्की सांगता येत नाही. टॉवर आणि डबा यांच्यामध्ये आम्ही स्वतः लोखंडाचं आणि पाण्याचं दार लावलं होतं, आणि कूलर बाराला सुरू होऊन साडेपाचला बंद होत होता. मोबाइलवरच्या भरलेल्या रेघा फक्त मोबाइल आणि डबा यांच्यातल्या होत्या. डबा आणि टॉवर यांच्यातलं त्या काही सांगत नव्हत्या. वहीत भाडेकरूच्या वेळा होत्या. कूलरच्या वेळा कोणीच लिहिल्या नव्हत्या. उन्हाळ्यात नागपुरात कूलर ही लिहून ठेवायची गोष्ट नाही; ती भिंतीसारखी असते.

"घ्या," भाडेकरू हात पुसत म्हणाला. "चोर सापडला. दोन महिने तुमच्याच घरी थंडी हवा देऊन राहिला होता."

त्या संध्याकाळी नवा पासवर्ड एका कागदावर लिहून त्याला नेऊन दिला. त्याने कागद उजेडात धरला. "लेखी देऊन राहिले? सही बी करा खाली. पुरावा राहू द्या." सही केली. त्याने तो कागद दाराच्या आतल्या बाजूला चिकटवला. अजून तिथेच आहे.

डबा स्वयंपाकघराच्या खिडकीत गेला. तीही पूर्वेला आहे आणि तिला स्टँड नाही. टेलिफोन मसाल्याच्या मांडणीवर, आईच्या हाताला येईल असा. माझ्या मोबाइलवरची नको असलेल्या फोनांची सूचना काढून टाकली आणि त्यानंतर आलेला प्रत्येक अनोळखी फोन उचलला. प्लॉट, कर्ज, विमा, जास्त वेगाचा प्लॅन. कोण आहे हे पक्कं कळेपर्यंत फोन ठेवायचा नाही, असं ठरवलं होतं. त्यामुळे बोलणी लांबत.

"आता सगळ्यायशी बोलतो," आई म्हणाली. "त्या प्लॉटवालीले एकदा जेवाले बोलाव. ओळख झाली आता."

कंपनीवरचा संशय गेला असं म्हणता येणार नाही. नवा नंबर पहिल्याच आठवड्यात बाहेर कसा गेला, हे आजही कळलेलं नाही. डबा कुठे ठेवायचा हे सांगणाऱ्या तंत्रज्ञाने कूलरबद्दल एक शब्द सांगितला असता तर, हेही मनात येतं. पण तो जानेवारीत आला होता, आणि तेव्हा कूलर माळ्यावर होता.

जून गेला, जुलै गेला. कूलर उतरवून माळ्यावर टाकला. आई रोज सकाळी टेलिफोन उचलून नुसता कानाला लावी आणि ठेवी. तो जिवंत आहे की नाही, हे ती पाहत होती. डाव्या डोळ्याला दिसणारं दारही आता तिला अंदाजाने शोधावं लागत होतं. याबद्दल ती काही बोलत नसे. चहाचा कप ठेवताना बशीच्या बाहेर ठेवी, एवढंच.

पोळ्याच्या आधीच्या आठवड्यात, सकाळी अकराच्या सुमाराला आई स्वयंपाकघरात पाटावर जेवायला बसली होती. भाकरी आणि झुणका. टेलिफोन वाजला. पुढे होण्याआधीच तिने डाव्या हाताने रिसीव्हर उचलला.

"कोन?"

पलीकडचा आवाज बाईचा होता. शब्द कळत नव्हते. घाईचा होता एवढं कळलं.

"ते मी काहून सांगू माहं नाव?" आई म्हणाली. "फोन तुमी केला. तुमीच सांगा."

पलीकडे काही बोललं गेलं. आईचा घास हातातच होता. पुढे होऊन रिसीव्हर घ्यावा म्हणून हात केला, तर तिने कोपराने बाजूला सारला.

"नाव तं कोनाले बी सापडते. कोनता डोळा?"

पलीकडून उत्तर आलं.

"हां, उजवा. ठीक आहे. अन् डाव्याचं ऑपरेशन झालं ते कोन्या डॉक्टरनं केलं?"

डाव्या डोळ्याचं ऑपरेशन कधी झालेलंच नव्हतं. पलीकडचा आवाज चढला. आता तो मलाही ऐकू येत होता, आणि ओळखीचा होता. त्या रजिस्टरच्या बाई होत्या. "आजी, डाव्याला आपण हातही लावलेला नाही. वेळ जातोय, तुम्ही हो म्हणता की नाही?"

आईने मान हलवली. पहिल्यांदा पाठ बरोबर म्हणून झाल्यावर मुलं हलवतात तशी.

"हो," ती म्हणाली. आणि लगेच, "पन बाई, माहे दोन घास खाऊन झाले. चालते का?"

चालत होतं, कारण ऑपरेशन संध्याकाळी होतं. त्यापुढे एक घोट पाणीसुद्धा नको, असं बाईंनी सांगितलं. एक तासात या. आईने हातातला घास ताटात ठेवला, रिसीव्हर चाचपडत जागेवर ठेवला आणि तो नीट बसला की नाही ते बोटाने पाहिलं.

"खरी आहे," ती म्हणाली. "ताट झाकून ठेव. अन् वरच्याले आवाज दे, त्याची गाडी काढाले सांग. आज त्याले घरी राहाले सांगतलं होतं मी."

"तू त्याला कधी सांगितलंस?"

"मी रोजच सांगते त्याले."